तबकडी बरी की डाउनलोड?

संगणकाचा खेळ तबकडीवर घ्यावा की डाउनलोड करावा? डाउनलोड सोपे. दुकानात जायला नको, ओरखड्याची भीती नाही. पण निन्टेन्डो कंपनीने ‘वी यू’ यंत्राच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. आता तिथे खेळ विकत मिळत नाही. तबकडी मात्र वाचून झालेल्या पुस्तकासारखी मैत्रिणीला देता येते.

तरी तबकडीही फसवते बरं का! ‘द क्रू’ खेळाचे सर्व्हर २०२४ साली बंद झाले, तेव्हा तबकडीवालेसुद्धा खेळाला मुकले.

म्हणून माझे मत असे की, तबकडीच घ्यावी. पण खेळ इंटरनेटवाचून चालतो का, हे आधी विचारावे. पैसे आईबापांच्या घामाचे असतात.