जुन्या कॅमेऱ्याची पारख

दुकानातील माल आता गिऱ्हाइकाच्या फोनवर आधी पोहोचतो आणि गिऱ्हाईक दुकानात मागाहून येते. चांदीची भांडी, पैठणी, दागिने असा चकाकणारा वा बारीक कामाचा माल विकणाऱ्या पेढ्यांवर म्हणूनच चांगल्या कॅमेऱ्याची गरज बोलली जाऊ लागली आहे. नव्या कॅमेऱ्याचा दर ऐकून पुष्कळजण जुन्याकडे वळतात, आणि ते शहाणपणाचेच आहे. ताटावर मांडलेल्या भांड्याचे छायाचित्र घेण्यास दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याची कुवत पुरून उरते. अडचण एवढीच की, मूठभर धान्य तळहातावर घेऊन त्याची प्रत सांगणारा व्यापारीही कॅमेरा हाती आला की विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहू लागतो.

विक्रेता प्रथम एक आकडा सांगतो, तो शटर काउंटचा. शटर म्हणजे सेन्सरपुढचा पडदा. प्रत्येक छायाचित्रासाठी तो उघडतो व मिटतो, आणि कॅमेरा त्याची आत नोंद ठेवतो. निकॉनने आपल्या डी ७५० चे शटर १.५ लाख, डी ८५० चे २ लाख आणि व्यावसायिकांच्या डी ५ चे ४ लाख वेळा चालवून तपासल्याचे जाहीर केले होते. हे आकडे हमीचे नव्हेत. काही पडदे त्याआधीच निकामी होतात, काही त्यापुढेही चालतात. तरीही २० हजारांवरचा डी ७५० आणि १ लाख ४० हजारांवरचा डी ७५० एकाच दराने घेणे हा खोटीचा सौदा होय. आकडा विक्रेत्याकडून न ऐकता स्वतः काढावा. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत तो छायाचित्राच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. आपले कार्ड घालून एक छायाचित्र घ्यावे आणि मूळ फाइलमधील नोंदी संगणकावर पाहाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रात ही नोंद उरत नाही. कॅननच्या फाइलमध्ये ती सहसा नसतेच; तेथे केबल जोडून किंवा सेवा केंद्रातून माहिती घ्यावी लागते. फाइलच्या नावातील क्रमांक दाखवून ‘इतकेच फोटो निघाले आहेत’ असे सांगणाऱ्यावर मात्र मुळीच विसंबू नये. तो क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा १ पासून सुरू होतो.

पण खरा आकडा मिळाला तरी तो कॅमेऱ्याची अर्धीच कहाणी सांगतो. लग्नसमारंभाचे व्हिडिओ चित्रण करणाऱ्याचा कॅमेरा तासन्‌तास चालतो, सेन्सर तापतो, बॅटरीमागून बॅटरी संपते. शटरच्या आकड्यात मात्र जवळजवळ भर पडत नाही. अशा कॅमेऱ्याचा १२ हजारांचा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्याने त्याचे अंग पाहावे. फ्लॅश बसविण्याच्या खाचेचा काळा रंग उडून आतला धातू दिसतो, एचडीएमआयची जागा सैल झालेली असते, मुठीकडचे रबर फुगून सुटू लागते. तळाच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असल्यास कॅमेरा केव्हातरी उघडला गेला आहे असे समजावे, आणि कशासाठी ते विचारावे. बॅटरीच्या खोबणीत हिरवट-पांढरा थर किंवा गंज दिसला, तर तेथेच सौदा थांबवावा.

याच्या उलट दुसरा प्रकार, आणि फसगत अधिक तेथेच होते. सहा वर्षे कपाटात पडून राहिलेला, ‘कधी वापरलाच नाही’ असा कॅमेरा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत न वापरलेल्या लेन्सला बुरशी धरते. वरून काच स्वच्छ दिसते. पण लेन्स काढून, तिचे पाते पूर्ण उघडून, एका बाजूने विजेरीचा झोत सोडला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. बुरशी साफ करता येते, तथापि तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. म्हणून नियमित वापरात असलेला, ५० हजारांचा आकडा दाखवणारा कॅमेरा अनेकदा कपाटातल्या ५ हजारांच्या कॅमेऱ्याहून निरोगी निघतो.

सेन्सरची तपासणी दोन छायाचित्रांत होते. पहिले एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे, फोकस मुद्दाम बिघडवून. त्यात दिसणारे काळपट ठिपके बहुधा धुळीचे असतात व साफसफाईने जातात. ओरखड्याची रेघ जात नाही. दुसरे लेन्सवर झाकण लावून, काही सेकंदांचे. काळ्या चित्रात चमकणारे दोन-चार रंगीत बिंदू चालतील, चांदणे पसरलेले असल्यास चालणार नाही. बॅटरीची झीजही अनेक मॉडेलांच्या मेनूमध्येच कळते. निकॉन ० ते ४ असा तिचा दर्जा दाखवतो, त्यात ० म्हणजे नवी.

मुंबईत फोर्टातील बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. घरगुती विक्रेत्याकडे दर थोडा उतरतो, दुकानदार मात्र पुढच्या महिन्यातही त्याच जागी बसलेला सापडतो. नवख्याने हा फरक पैशांत मोजावा. दर बोलण्यापूर्वी शटर बदलण्याचा खर्च आणि त्या मॉडेलचे भाग अजून मिळतात की नाही, हे कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावे, म्हणजे घासाघीस अंदाजाने न होता हिशेबाने होते.

राहता राहिला कागद. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला अनुक्रमांक मूळ बिलावरील अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. बिल नाही आणि तळाची पट्टीही खरवडलेली आहे, असा कॅमेरा कितीही स्वस्त असो, तो परत करावा; चोरीचा असल्याचा संशय घेण्यास कारण असताना माल घेणारा स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडतो. सौदा ठरल्यावर नव्या पावतीवर अनुक्रमांक, त्या दिवशीचा शटरचा आकडा आणि परतीची मुदत तोंडी ठरली असल्यास तीही लिहून घ्यावी.