मुखपृष्ठावर न आलेली मुळशी

नियतकालिकाचे मुखपृष्ठ ही केवळ शोभेची बाब आहे, असा आपल्याकडे रूढ समज आहे. मजकुराची चर्चा व्हावी, संपादकीयावर वाद झडावेत. मुखपृष्ठाने मात्र विक्रेत्याच्या दोरीवर चार दिवस लोंबावे आणि मग फाटून जावे. वस्तुतः कोणाचे जगणे, कोणाचे श्रम आणि कोणाचा विरंगुळा दर्शनी पानावर मांडण्याजोगा आहे, याविषयी समाजाने दिलेला तो एक निवाडाच असतो. मराठी समाजाने हा निवाडा कसा दिला हे पाहावयाचे तर मुळशी तालुक्याचे उदाहरण पुरेसे आहे. मराठी मासिकांचे मोठे केंद्र असलेल्या पुण्याला हा तालुका अगदी लागून आहे. तरीही त्याचे रोजचे जीवन मराठी मुखपृष्ठावर जवळजवळ आलेच नाही.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहता येईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’सारख्या साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर न्हाव्याच्या दुकानातले गिऱ्हाईक, चेंडूफळी खेळणारी पोरे, शाळेतून घरी परतणारी मुले असे विषय सर्रास येत. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने १९१६ ते १९६३ या काळात त्या एका साप्ताहिकासाठी तीनशेहून अधिक मुखपृष्ठे रंगविली. जे. एफ. कर्नन याने गळ टाकून बसलेले म्हातारे आणि कुत्र्यांसह रानात निघालेले शिकारी यांना याच मानाच्या जागी बसविले. ही केवळ कलावंताची मर्जी नव्हती. तिच्यामागे एक अर्थव्यवहार होता. अनेक वर्षे या साप्ताहिकाची किंमत अवघी पाच सेंट होती आणि त्याचा डोलारा जाहिरातींच्या उत्पन्नावर उभा होता. लाखो कुटुंबांनी अंक हाती घ्यावयाचा, तर त्यांना मुखपृष्ठावर आपलाच चेहरा दिसला पाहिजे. तो दिसला की आतील मोटारीच्या आणि साबणाच्या जाहिरातीही आपल्यासाठीच आहेत, असे त्यांना वाटे.

परंतु हा आरसाही निवडकच होता. त्या साप्ताहिकाच्या धोरणानुसार कृष्णवर्णीय माणूस चित्रात आलाच तर बहुधा नोकराच्या भूमिकेत येई. रॉकवेलने ‘पोस्ट’ सोडल्यानंतरच, १९६४ मध्ये ‘लुक’ नियतकालिकात, सरकारी रक्षकांच्या पहाऱ्यात शाळेला निघालेली कृष्णवर्णीय बालिका रंगविली. तात्पर्य, ‘सामान्य माणूस’ म्हणून ज्याचे चित्र छापले जाते, तो कोणी तरी आधी निवडलेला असतो.

मराठीत ही निवड निराळ्या कारणांनी झाली. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे मुखपृष्ठाचे खरे वैभव दिवाळी अंकातच एकवटले. सणाच्या खरेदीबरोबर वर्षातून एकदा घरात येणाऱ्या या वस्तूला मांगल्य आणि सौंदर्य यांचीच मागणी असणार, हे उघड आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी ही मागणी अशा सामर्थ्याने पुरविली, की त्यांची चित्रे मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर चौकटीत बसली. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले, तर मुळगांवकरांच्या देवदेवता दिनदर्शिकांतून घरोघरी पोहोचल्या. त्यांच्या रेषेविषयी वा रंगांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. ग्रामीण स्त्री या परंपरेत आली नाही असेही नाही. ती घागर घेऊन आली, कोळीण होऊन आली. पण तिच्या पायाला चिखल लागलेला क्वचितच दिसला.

रोजच्या जीवनाला मुखपृष्ठाचे दार उघडले ते प्रामुख्याने व्यंगचित्रकारांनी. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीस यांनी तरुणाच्या सदऱ्यावर मांजरे आणि तरुणीच्या साडीवर उंदीर काढले आणि एका शब्दावाचून महाराष्ट्राला हसविले. वसंत सरवटे यांनी ‘ललित’च्या मुखपृष्ठांवरून लेखक-वाचकांच्या जगाची खेळकर दखल घेतली. मात्र हे जग शहरी, नोकरदार आणि पुस्तके वाचणाऱ्या माणसाचे होते. वाचक तोच, ग्राहक तोच आणि चित्राचा विषयही तोच, असे ते वर्तुळ होते.

या वर्तुळाबाहेर काय राहिले? मुळशीत उन्हाळ्यात भाताचा राब भाजला जातो; आषाढात धो धो पावसात, गुडघाभर चिखलात, वाकलेल्या पाठींच्या रांगा लावणी करतात. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर चढणीला लागलेले वलगणीचे मासे धरावयास लहानथोर ओढ्यावर धावतात. कर्ननच्या गळ टाकणाऱ्या म्हाताऱ्याला यांतला आनंद सहज कळला असता. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. हलगीच्या कडकडाटात लाल मातीत उतरलेल्या पोराकडे सारे गाव श्वास रोखून पाहते. श्रम, खेळ, निसर्ग आणि माणसांचे चेहरे, म्हणजे चित्रकाराला जे जे हवे ते सारे येथे होते.

आज मुळशीबाहेरच्या बहुसंख्य लोकांना हा तालुका दोनच गोष्टींनी ठाऊक आहे. एक, टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह. आणि दुसरी, जमिनी विकल्या गेल्यानंतर गुन्हेगारीकडे वळलेल्या तरुणाची कथा सांगणारा २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट. दोन्ही गोष्टी जमीन जाण्याच्याच आहेत. जमीन असताना तेथे माणसे कशी जगत होती, याचे चित्र मात्र लोकांच्या डोळ्यांपुढे नाही. ज्याचे चित्र नाही त्याची किंमत व्यवहारात शून्य धरली जाते. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र आणि आकार यांची नोंद असते. ओढ्यावरच्या सकाळीची नसते. हिंजवडीच्या संगणक उद्यानापासून धरणाकाठच्या बंगल्यांपर्यंत जमिनीचे रूप पालटत गेले. या बदलाने काही घरांत पैसा आला, रोजगार आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या बदल्यात काय दिले, याचा हिशेब मांडावयाचा तर दिलेल्या गोष्टीची आठवण तरी शिल्लक हवी.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना मुखपृष्ठाचे एवढे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. छायाचित्रे अमाप निघतात हे खरेच; पण मुखपृष्ठ म्हणजे शेकडो दृश्यांतून एकाला दिलेला मान. तो मान अमाप होण्यात नसून निवडले जाण्यात असतो. चिखलातली लावणी मुखपृष्ठावर खपणार नाही, हा दुसरा आक्षेप. परंतु वर्तुळ आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. वाचकांत, शिक्षकांत आणि विद्यार्थ्यांत लावणी केलेल्या घरांतली माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना आपला चेहरा पाहावयाचा नसेल, असे संपादकांनी परस्पर ठरवू नये.

तेव्हा दोन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी निदान एका वर्षी मुखपृष्ठाचे काम चित्रकला महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना देऊन त्यांना पौड, ताम्हिणीच्या परिसरात एक पावसाळा पाठवावे. दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. मासिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकण्याची बांधणीकारांची जुनी रीत आहे. त्यामुळे कितीतरी ठिकाणी मजकूर उरला आणि चित्र गेले. प्रत्येक शाळेने, वाचनालयाने आपल्या कपाटातील जुनी मुखपृष्ठे वेगळी करून त्यांच्या प्रती जपल्या, तर आपण काय रंगविले आणि काय वगळले, याचा पुरावा तरी हाती राहील. ज्या मुलाच्या आजोबांनी फड जिंकला, त्याला तो फड चित्रात पाहावयास मिळावा, ही मागणी फार मोठी नाही.