ओल आधी, रंग नंतर



जयंती जवळ आली की आपल्या घरांत रंगाचे डबे येतात. मजुरी वाचावी म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघांनीच ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारला. पावसाळ्यात पोपडे सुटले. फळीवरच्या मुलीच्या पुस्तकांना बुरशी लागली.

दुःख दूर करायचे तर आधी त्याचे कारण शोधा, ही तथागतांची शिकवण. यंदा तसेच केले. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवला. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले. म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होते. बाहेर पाहिले, तर मोरीच्या पाइपाभोवती भेग! एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू कालवून ती बुजवली, सात दिवस पाणी मारले. आतले पोपडे खरवडून भिंत महिनाभर वाळू दिली. मगच रंग लावला.

सिमेंट मी कालवले, भिंत ह्यांनी खरवडली. भाकऱ्यांचीही पाळी लावली. पहिल्या दिवशी ह्यांच्या भाकरीला भारताचा नकाशा आला, पण मुलीने पोटभर खाल्ली.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले, त्यात ग्रंथांसाठी मुद्दाम जागा केली. आपल्या खोलीत निदान पुस्तकांची एक फळी तरी कोरडी राहिली पाहिजे.