दवाखाना ही मेहरबानी नाही, हक्क आहे



काही पाड्यांवरून विचारणा होते, "आपली संघटना जमिनीची. मग दवाखान्याचं कशाला काढता?" प्रश्न रास्त आहे, म्हणून इथे लिहितो.

जमीन हातातून कशी जाते ते बघा. पोराला ताप चढला, उपकेंद्राला कुलूप. झोळी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तर डॉक्टर मीटिंगला गेलेले. मग भाड्याची जीप, तालुक्याचा खाजगी डॉक्टर, सलाईन. पैसा सावकाराचा. फेडायला वीटभट्टी, नाहीतर उभं भात त्याचं. मोर्चे काढून राखलेलं शेत एका आजारपणात गहाण पडतं. म्हणून दवाखान्याची लढाई ही जमिनीचीच लढाई आहे.

आपल्याला उत्तर काय मिळतं? "औषध नाही, निधी नाही, वरून आलं नाही." आपण हात जोडून परत येतो. पण कोर्ट काय म्हणालं ते ऐका.

८ जुलै १९९२ ला पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सभासद रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून पुढे पाठवलं. कलकत्त्यातले मोठमोठे सरकारी दवाखाने फिरवले. कुठे खाट नाही, कुठे मशीन नाही. शेवटी खाजगी दवाखान्यात सुमारे १७,००० रुपये गेले. संघटना गप्प बसली नाही, सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ ला निकाल लागला: वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क मोडणं. पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. मजुराला २५,००० रुपये भरपाई द्या. आरोग्य केंद्रात तातडीच्या उपचाराची सोय ठेवा, पुढे न्यायला गाडी ठेवा. इतर राज्यांनीही याप्रमाणे पावलं उचलावीत, असंही कोर्टाने सांगितलं.

ही लढाई कुणा मोठ्या माणसाने नाही, मजुरांच्या संघटनेने जिंकली.

सरकारचाच नियम आहे, आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ही केंद्रं चालवते जिल्हा परिषद. म्हणजे आपण मतं देतो ते सभासद याला जबाबदार आहेत. डिसेंबर १९९६ चा अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदाही राज्यांना सांगतो, की शाळा-दवाखान्यांवर आणि तिथल्या नोकरांवर ग्रामसभेचा व पंचायतीचा ताबा असला पाहिजे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू. सिस्टरबाईवर राग काढून उपयोग नाही. ती एकटी कितीतरी पाडे पायी फिरते. राहायला धड खोली नाही, पेटीत औषध नाही. जाब तिला नाही, पेटी रिकामी ठेवणाऱ्याला विचारायचा.

आमचं म्हणणं असं. दर पाड्याने एक वही ठेवावी. उपकेंद्र कोणत्या दिवशी बंद होतं, कुणाला औषध बाहेरून आणायला लावलं, गाडी मागितली तर काय उत्तर मिळालं, हे तारखेसह लिहावं. केसपेपर आणि चिठ्ठ्या फेकू नयेत. साप चावल्याचं इंजेक्शन पावसाआधी केंद्रात आलं का, हे चार जणांनी जाऊन बघावं. ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेला द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत जाते. जमिनीच्या दाव्यात पुरावा जपायला आपण शिकलो, तसंच इथेही.

डॉक्टर आपल्यावर उपकार करत नाही. मागू नका, जाब विचारा.

जिंदाबाद!