भेट मुलाची, जबाबदारी कोणाची?

लहानग्याला वाढदिवसाला टॅबलेट वा स्मार्टफोन द्यावा का, हा प्रश्न आता महानगरांतील सधन घरांपुरता राहिलेला नाही. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला. ‘शिक्षणासाठी’ म्हणून घेतलेल्या उपकरणाचे पुढे काय होते, ते या दोन आकड्यांत दिसते.

त्याहून लहान मुलांबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला निःसंदिग्ध आहे: दोन वर्षांखाली पडदा नकोच, पाचपर्यंत दिवसाला एक तास पुरे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक केली. परंतु ज्या घरात उपकरण पालकांपेक्षा मुलालाच अधिक कळते, तेथे ही संमती कागदापुरतीच उरण्याचा धोका आहे.

सरसकट बंदी हाही उपाय नव्हे. याच सर्वेक्षणात फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे, मुलींपैकी मात्र २७ टक्क्यांकडेच स्वतःचा फोन होता. बंदीची पहिली झळ मुलींनाच बसेल.

म्हणून मालकी आणि वापर यांत भेद करावा. उपकरण घराचे असावे, वापर सर्वांसमक्ष व्हावा. उत्पादकांनी मुलांसाठीच्या मर्यादा आधीच सुरू ठेवून विक्री करावी. शाळांनी पालकसभेत त्यांची उजळणी घ्यावी. नियमनाचा सारा भार एकट्या आईबापांवर टाकणे हे धोरण नव्हे, धोरणाचा अभाव आहे.