जिमचा जेम्स होताना

मार्च १८८५ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने एका नव्या कादंबरीची हकालपट्टी केली. एमर्सन आणि थोरो यांच्यासारख्या विचारवंतांचे हे गाव. कादंबरी ग्राम्य आहे, तिची भाषा असंस्कृत आहे, सभ्य घरातील मुलांच्या हाती ती पडता कामा नये, असा ग्रंथालयाच्या समितीचा अभिप्राय होता. लेखकाला या निर्णयाचे फारसे दुःख झाले नाही. या बहिष्कारामुळे पंचवीस हजार प्रती हमखास जास्त खपतील, असे गणित त्याने मांडले. हा लेखक म्हणजे मार्क ट्वेन आणि ही कादंबरी म्हणजे 'ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन'. तेव्हापासून आजतागायत या पुस्तकाने आपल्या वाचकांना स्वस्थ बसू दिलेले नाही. आक्षेपांचे स्वरूप मात्र पार बदलून गेले आहे.

पहिल्या पिढीला हक हा उनाड पोरगा खटकला होता. पुढच्या पिढ्यांना खटकू लागले ते त्याच्या सोबत्याचे, म्हणजे पळून आलेल्या जिम या गुलामाचे चित्रण. कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरला जाणारा एक हिणकस शब्द या कादंबरीत दोनशेहून अधिक वेळा येतो. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने खालच्या इयत्तांच्या मान्य पाठ्यपुस्तकांतून ही कादंबरी वगळली. २०११ मध्ये ॲलन ग्रिबेन या ट्वेनच्याच अभ्यासकाने तो शब्द काढून त्या जागी 'गुलाम' असा शब्द घातलेली आवृत्ती सिद्ध केली. शाळांतून पुस्तक बाद होण्यापेक्षा एक शब्द बाद झालेला बरा, ही त्यामागची भूमिका होती. तिच्यावर टीकाही तितकीच कडवट झाली. इतिहासाला साबण लावून धुता येत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

या पार्श्वभूमीवर मार्च २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकाची 'जेम्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नदी तीच, तराफा तोच, प्रवासही बराचसा तोच. मात्र आता कथा सांगतो आहे जिम. या कादंबरीला २०२४ चा नॅशनल बुक ॲवॉर्ड आणि २०२५ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला, बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीतही ती होती. परंतु पुरस्कारांवर एकमत झाले म्हणून वाचकांतही ते झाले, असे म्हणता येत नाही. काहींना वाटले, इतकी वर्षे दबलेला आवाज अखेर मोकळा झाला. काहींना वाटले, एका मोठ्या लेखकाच्या खांद्यावर उभे राहून त्यालाच बोधामृत पाजले जात आहे. आणि काहींची तक्रार याहून वेगळी आणि अधिक विचार करायला लावणारी आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी एव्हरेट यांनी नेमके काय केले, हे पाहणे आवश्यक आहे.

ट्वेनच्या कादंबरीत जिम मोडकीतोडकी बोली बोलतो. त्या बोलीवर वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्यावर माया करू लागतो. एव्हरेट यांच्या कादंबरीत ही बोली एक मुखवटा आहे. गुलामांच्या झोपड्यांत, गोऱ्यांच्या कानांआड, जेम्स स्वच्छ आणि व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलतो. इतकेच नव्हे, तर लहान मुलांना 'चुकीचे' बोलण्याची रीतसर शिकवणी देतो. समोर आग लागलेली दिसली तरी मालकिणीला आग लागली असे थेट सांगायचे नाही. ते ओळखण्याचा मान तिला मिळू द्यायचा, असा त्या शिकवणीतला धडा आहे. हा धडा वाचताना हसू येते आणि लगेच ते घशात अडकते. कारण अडाणीपणाचे हे सोंग जीव वाचवण्यासाठी आहे. जेम्स न्यायाधीशांच्या ग्रंथसंग्रहात चोरून वाचतो. स्वप्नात व्हॉल्टेअर आणि लॉक यांच्याशी वाद घालतो. त्याला लिहायचे असते, त्यासाठी दुसरा एक गुलाम मालकाची पेन्सिल चोरून आणतो, आणि त्या पेन्सिलीपायी त्या माणसाचा जीव जातो.

भाषेचा हा प्रश्न एव्हरेट यांना नवा नाही. २००१ मधील त्यांच्या 'इरेझर' या कादंबरीतला विद्वान कृष्णवर्णीय लेखक प्रकाशकांना हवी तशी 'अस्सल काळी' भाषा चेष्टेने लिहितो आणि तेच पुस्तक डोक्यावर घेतले जाते. त्या कादंबरीवर आधारित 'अमेरिकन फिक्शन' हा चित्रपट २०२३ मध्ये आला. काळ्या माणसाने कसे बोलावे हे गोरा श्रोता ठरवतो, ही त्या पुस्तकातली चीड 'जेम्स'मध्ये गुलामगिरीच्या काळात नेऊन ठेवली आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जिमच्या चेहऱ्यावर मुखवटा आहे, हे एव्हरेट यांनी प्रथम शोधलेले नाही. राल्फ एलिसन या थोर कृष्णवर्णीय कादंबरीकाराने १९५८ मध्येच हे मांडले होते. गोरे नट तोंडाला काळे फासून गुलामांची नक्कल करत, त्या 'मिन्स्ट्रेल' खेळांच्या साच्यात ट्वेनने जिमला बसवले. तरीही त्या साच्यामागून जिमची प्रतिष्ठा आणि माणूसपण डोकावते, असे एलिसन यांचे निरीक्षण होते. एव्हरेट यांनी हे निरीक्षण अक्षरशः कथानकात उतरवले. त्यांचा जेम्स अशाच एका मिन्स्ट्रेल मंडळीच्या हाती पडतो, आणि मुळात काळ्या असलेल्या या माणसाला काळ्याचे सोंग घेण्यासाठी पुन्हा रंग फासून घ्यावा लागतो. यापेक्षा नेमकी समीक्षा एखाद्या प्रबंधालाही जमली नसती.

नव्या कथनाचे बळ जुन्या कादंबरीच्या दुबळ्या जागी विशेष जाणवते. ट्वेनच्या पुस्तकाचा शेवट त्याच्या चाहत्यांनाही पचलेला नाही. सगळे आधुनिक अमेरिकी साहित्य या एका पुस्तकातून निघाले, असे १९३५ मध्ये लिहिणाऱ्या हेमिंग्वेनेही त्याच दमात वाचकाला बजावले होते, की जिमला चोरून नेले जाते तेथे थांबावे; पुढचे खरे नाही. पुढे टॉम सॉयर येतो आणि कोंडलेल्या जिमच्या सुटकेचा पोरखेळ पानेच्या पाने चालतो. जिमच्या मालकिणीने मृत्युपत्रात त्याला केव्हाच मुक्त केलेले असते आणि टॉमला ते ठाऊक असते. म्हणजे एका स्वतंत्र माणसाला मुलांच्या करमणुकीसाठी बंदी ठेवले जाते. एव्हरेट यांनी हा शेवट सरळ टाकून दिला. त्यांनी काळ पुढे ओढून यादवी युद्धाच्या तोंडाशी आणला आणि आपल्या नायकाला बायको-मुलीच्या शोधात पाठवले. येथे त्याला कोणी मुक्त करत नाही. तो मुक्त होतो.

आता ती तिसरी तक्रार. जिमला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्याला व्हॉल्टेअर वाचलेला करणे आवश्यक होते काय? निरक्षर, बोलीत बोलणारा, शकुन-अपशकुन मानणारा माणूस आदराला पात्र नसतो काय? ट्वेनच्या जिमला अक्षरओळख नाही. तरीही आपल्या लहान मुलीला, ती बहिरी झाली आहे हे न कळल्यामुळे, एकदा मारले, या आठवणीने तो रडतो, आणि त्या एका प्रसंगात तो कादंबरीतल्या साऱ्या शिकलेल्या गोऱ्यांपेक्षा मोठा होतो. विद्वत्ता बहाल करून एव्हरेट यांनी नकळत शिक्षितांच्याच मोजपट्टीला मान दिला, असा या आक्षेपाचा रोख आहे. त्याला जोडूनच दुसरा. जेम्स हा हकचा खरा बाप आहे, असा गौप्यस्फोट या कादंबरीत होतो. मूळ कादंबरीत हक जिमला पकडून देणारे पत्र फाडतो आणि त्यापायी नरकात जायला तयार होतो. त्या निर्णयाचे मोल यातच आहे, की जिम त्याचा कोणी लागत नाही. रक्ताचे नाते आले, की त्या निर्णयातली नैतिक झेप उणावते.

हे आक्षेप हलके नाहीत. पहिल्याला उत्तर देता येईल, की एव्हरेट यांचा रोख जिमच्या निरक्षरतेवर नसून वाचकाच्या गृहीतकावर आहे. बोली ऐकताच बुद्धी कमी, हे समीकरण आपण इतक्या सहज कसे मान्य केले, असा त्यांचा सवाल आहे. दुसऱ्या आक्षेपाला मात्र तितके समाधानकारक उत्तर मिळत नाही. तेथे जुनी कादंबरीच अधिक धाडसी ठरते. पण हे कळण्यासाठी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावी लागतात, आणि या वादातला कळीचा मुद्दा तोच आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, तेव्हा ट्वेनची कादंबरी प्रसिद्ध व्हायला अकरा वर्षे अवकाश होता. जुनी कथा नव्या बाजूने सांगण्याचीही आपल्याला सवय आहे. १९६७ या एकाच वर्षी शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही दोन पुस्तके मराठीत आली. एकाने कर्णाला आपली कैफियत मांडू दिली, तर दुसऱ्याने महाभारतातील थोरांना माणसांच्या मापाने मोजले. महाकाव्य अनेक मुखांनी वाढलेले असते; त्यात आणखी एक मुख आले तर बिघडत नाही. कादंबरीचे तसे नसते. तिला एक कर्ता असतो, ठरलेली संहिता असते, म्हणून तिच्यात दुसऱ्याने पाऊल टाकले की ते अतिक्रमण वाटते. 'गॉन विथ द विंड'चे गुलाम स्त्रीच्या बाजूने पुनर्कथन करणारी ॲलिस रँडल यांची कादंबरी २००१ मध्ये थेट न्यायालयात खेचली गेली होती. प्रकाशनावरील मनाई अपील न्यायालयाने उठवली, तेव्हाच ती वाचकांपर्यंत पोहोचली.

शिवाय सहानुभूतीने लिहिणारा दुसरा आणि भोगलेले सांगणारा स्वतः यांच्यातले अंतर दलित साहित्याने मराठी वाचकाला कधीचेच दाखवून दिले आहे. १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' आले. त्याआधीच्या कथाकादंबऱ्यांतून गावकुसाबाहेरचा माणूस नव्हता असे नाही. पण तो बहुधा कोणाच्या तरी करुणेचा विषय म्हणून येत असे. 'बलुतं'नंतर ती जुनी पुस्तके रद्द झाली नाहीत. त्यांच्यात कोण गप्प बसला होता, ते मात्र दिसू लागले.

'जेम्स'ने नेमके हेच केले आहे. अभिजात कादंबरीकडे परतणारा वाचक बहुधा आपल्या लहानपणाकडे परतत असतो. तो तराफा, ती नदी, ती उनाडकी त्याला जशीच्या तशी हवी असते. नवे कथन ती नदी हिरावून घेत नाही. वाचकाचा निरागसपणा तेवढा हिरावून घेते. आपण कशावर हसलो होतो, हे ते विचारते. नाराजीचा बराचसा भाग या प्रश्नातून येतो, आणि कौतुकाचाही. एव्हरेट यांनी स्वतः पुस्तकाच्या अखेरीस ट्वेनच्या विनोदाचे आणि माणुसकीचे ऋण मानले आहे. भांडण लावण्याची हौस वाचकांची, लेखकाची नव्हे.

म्हणूनच काळजी करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. जुन्या पुस्तकातले अवघड शब्द समजावून सांगण्याचे कष्ट टाळण्यासाठी शाळांनी ट्वेनला कपाटात ठेवून एव्हरेटना वर्गात आणले, तर तो दोघांवरही अन्याय ठरेल. ज्याने जिमला पाहिलेच नाही, त्याला जेम्सने उतरवलेला मुखवटा कसा कळणार? आणि ज्याने केवळ जिमलाच पाहिले, त्याला त्या चेहऱ्यामागे कोणी विचार करत होते, अशी शंका तरी कशी यावी? काँकर्डच्या समितीने एक पुस्तक बाहेर काढून प्रश्न मिटवू पाहिला होता. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर, एक पुस्तक आत आणताना दुसरे बाहेर काढण्याची चूक पुन्हा होऊ नये, इतके भान ठेवले तरी पुरेसे आहे.