टॅबलेट पुरेल, असं कुणी ठरवलं?

गटाच्या बचतीतून किंवा कुठल्या मदतीतून चार पैसे हाती आले, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. रोजच्या कामाला एक यंत्र घ्यायचं, तर हलका लॅपटॉप घ्यायचा की टॅबलेट? घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावात या प्रश्नाचं उत्तर बायका बोलायच्या आधीच दुसरं कुणीतरी देऊन टाकतं. दुकानदार देतो, कुणाचा तरी शिकलेला पुतण्या देतो, निधी देणारी मंडळीही देतात. ‘बायकांना टॅब पुरे. बोटानं चालतो, हलका असतो, बिघडवायची भीती नाही.’ माझा आक्षेप आहे तो या ‘पुरे’ला.

टॅबलेट वाईट नाही, हे आधी सांगते. दहा इंची टॅबलेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, हलका म्हणून विकला जाणारा लॅपटॉपही सव्वा-दीड किलोचा. सिमकार्ड बसणारा टॅबलेट घेतला तर नेटसाठी कुणाच्या फोनचं तोंड बघावं लागत नाही. वीज गेली तर साध्या पॉवर बँकेवर तो चार्ज होतो; लॅपटॉपला तशी सोय करायची तर चांगली ताकदीची, महागडी बँक लागते. चाळिशी लागलेल्या बाईला त्यावर अक्षर दोन बोटांनी मोठं करता येतं. जिला लिहायची सवय नाही, ती त्यावर बोलून मजकूर उमटवू शकते. प्रशिक्षणाची चित्रफीत चारचौघींनी मिळून बघायची तर फोनपेक्षा टॅबलेट केव्हाही बरा.

पण गटाचं रोजचं काम म्हणजे बघणंच का? बैठकीचा ठराव लिहायचा असतो. वीस जणींची बचत, कर्ज, व्याज, थकलेले हप्ते एका तक्त्यात मांडायचे असतात. ग्रामसभेत द्यायचं निवेदन, माहितीच्या अधिकाराचा अर्ज, बँकेला पत्र. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईची हकीकत तारीखवार उतरवायची, तीत तिनं आठवून सांगितलेली भर घालायची, जुन्या अर्जाशी ताडून बघायची. ही कामं करताना दोन कागद शेजारी शेजारी उघडे लागतात आणि दहाही बोटं लागतात. टॅबलेटला वेगळा कीबोर्ड जोडता येतो, नाही असं नाही. पण तो आणि त्याचं आवरण घेतलं की टॅबलेटचं स्वस्तपण बरंचसं आटतं.

सरकारनं बायकांच्या हाती दिलेली यंत्रं बघा. अंगणवाडी सेविकांना फोन मिळाले ते वर माहिती पाठवण्यासाठी. वजन, उंची, हजेरी, आहार, सगळं भरायचं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन हजारोंच्या संख्येनं सरकारला परत केले. फोनची क्षमता अपुरी होती, ते तापत होते, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडत होता आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होता. तंत्रज्ञान नको म्हणून त्या भांडल्या नव्हत्या. चालणारं यंत्र द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढं त्या म्हणत होत्या. पुढं २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज भरायला नारीशक्ती दूत हे ॲप आलं, तेव्हाही बाईचं काम भरण्याचंच राहिलं. माहिती आपण द्यायची, ती जुळवून तिचा अर्थ दुसऱ्यानं लावायचा. गावातल्या किती एकल बायांचे अर्ज कशामुळे नाकारले गेले, याचा तक्ता आपणच बनवून तहसील कार्यालयात न्यायचा असेल, तर रकाने भरून घेणाऱ्या यंत्रावर भागत नाही.

स्वस्त यंत्रांचा इतिहासही विसरू नये. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत मुलांच्या हाती लहानसे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले. जगभरच्या गरीब मुलांना एकेक लॅपटॉप द्यायचा, अशी ती अमेरिकेतून निघालेली मोठी कल्पना होती. मग २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेट आला, जगातला सर्वांत स्वस्त म्हणून. त्याचा पडदा दाबून दाबून चालवावा लागे, मेमरी अपुरी, बॅटरी लवकर संपे. दोन्हींचा गाजावाजा खूप झाला. वापरणाऱ्याला काय करायचं आहे, हे मात्र कुणी विचारल्याचं दिसलं नाही.

‘बायकांना कीबोर्ड जमत नाही’ हे एक नेहमीचं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळमांडणी १९८० च्या दशकातच ठरली. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. बाराखडी येणाऱ्या बाईला ती रोमन अक्षरांच्या कसरतीपेक्षा लवकर बसते. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात पत्र लिहिण्याइतका हात बसायला हरकत नाही. बाजारातल्या टायपिंगच्या दुकानातून करून आणलेला अर्ज पुष्कळदा जुन्या फाँटमध्ये असतो. फोनवर उघडला की नुसता अक्षरांचा काला. नंतर एक शब्द बदलायचा तरी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढायची आणि पुन्हा पैसे मोजायचे. शिवाय आपल्या गटातल्या बाईची मारहाणीची कहाणी आधी दुकानदार वाचणार.

म्हणून माझं मत असं: गटासाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर लॅपटॉप घ्यावा, आणि हलकेपणासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. फार हलक्या लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. थोडा जाड असला तरी ज्याची बॅटरी, कीबोर्ड, डिस्क जालन्यातला कारागीर उघडून बदलू शकेल, तो आपल्या कामाचा. टॅबलेट बहुधा चिकटवून बंद केलेला असतो. पडदा फुटला की नवा घेण्याचीच वेळ येते. मेमरी आठ जीबीपेक्षा कमी नको. कुणी जुना लॅपटॉप देणगी म्हणून दिला तर हुरळून जाऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत. त्यांवर लिनक्स आणि लिब्रेऑफिस फुकट बसवता येतं, मराठीही चालतं. फक्त बसवून देणारं आणि अडलं तर दाखवणारं माणूस आधी शोधा.

जिला स्वतःसाठी, वाचायला-बघायला-बोलायला यंत्र हवं, तिनं खुशाल टॅबलेट घ्यावा. तिथं माझं काही म्हणणं नाही.

आता त्या अवघड भागाकडे येते. यंत्र कोणतंही असो, ते राहतं कुणाच्या घरी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांनी ५७.१ टक्के. ग्रामीण बायकांमध्ये हा आकडा २४.६ आहे. स्वतः वापरता येईल असा मोबाइल निम्म्याहून थोड्या अधिक बायकांकडे होता. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी करताना ओटीपी आला तो आधारशी जोडलेल्या नंबरावर, आणि तो नंबर कितीदा तरी नवऱ्याच्या खिशात. घरी नेलेला गटाचा टॅबलेट दोन दिवसांत पोरांच्या खेळाचा होतो, आणि लॅपटॉप थोरल्याच्या ‘अभ्यासाचा’.

त्यातच खात्याचा घोळ. टॅबलेटवर ॲप घ्यायचं तर गूगलचं खातं लागतं, नव्या विंडोजला मायक्रोसॉफ्टचं. घाईत ते पुतण्याच्या खात्यावर सुरू होतं आणि मग एखाद्या बाईच्या अंगावरच्या वळांचा फोटो गुपचूप त्या पोराच्या खात्यावर जाऊन बसू शकतो. खातं गटाच्या नावानं नव्यानं काढावं, त्याला गटाच्याच कामाचा नंबर जोडावा, पासवर्ड दोघींना ठाऊक असावा. लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेली आहे ना, हे घेतानाच विचारावं. नसेल तर चोरलेली डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून सगळं वाचता येतं. नव्या अँड्रॉइड टॅबलेटमध्ये ही सोय मुळातच असते, हे त्याच्या बाजूनं मान्य करायला हवं.

बिल गटाच्या नावानं घ्या आणि यंत्र कुणाकडे किती दिवस राहील, याचा ठराव वहीत लिहा. सचिव बहुतेक वेळा शिकलेली सून असते, म्हणून यंत्र कायम तिच्याकडेच, असं करू नका. पाळी लावा. तिची बदलीची जोडीदारीण पहिल्या महिन्यापासून सोबत बसू दे, निदान एक ठराव तरी तिनं स्वतःच्या बोटांनी लिहू दे, मग त्यात कितीही चुका असोत.